पुस्तकात नसलेली प्लेट

भिगवणला हायवेवरून आत वळणाऱ्या माणसाच्या गळ्यात दुर्बीण असेल तर तो रोहित पक्षी बघायला आलाय आणि नसेल तर मासे खायला, एवढं आम्हाला लांबून कळतं. तिसऱ्या जातीचा माणूस ओळखायला मात्र वेळ लागतो. तो चिलापी फ्रायची ऑर्डर देतो, सोलकढी आहे का विचारतो, आणि मग गल्ल्यावर वाकून खालच्या आवाजात म्हणतो, "इथं पूर्वी लाऊडस्पीकरचा धंदा कुणाचा होता हो?" मालकाला वाटतं, पाहुण्यांच्या घरी लग्न निघालंय. तो डीजेवाल्याचा नंबर देतो. पाहुण्याला डीजे नको असतो. १९६८ साली कुणाच्या तरी वरातीत बैलगाडीला कर्णा बांधून ज्यानं प्लेटा वाजवल्या तो माणूस हवा असतो, आणि त्या माणसाच्या माळ्यावरची ट्रंक हवी असते.

हे रेकॉर्डी जमवणारे लोक. माझे असे दोन स्नेही आहेत, एक पुण्याचे, एक सोलापूरचे. दोघेही निवृत्त, दोघेही लाखेच्या रेकॉर्डींमागे लागलेले, आणि मैत्री इतकी घट्ट की एकमेकांच्या घरी जाणं दोघंही टाळतात. गेलं की कपाट बघावं लागतं, आणि मग आपलंही दाखवावं लागतं. म्हणून भेट भिगवणला. पुणं इथून शंभर किलोमीटर, सोलापूर दीडशेच्या आसपास. जादा पेट्रोलचा हा फरक सोलापूरकर पुणेकरांच्या पैशानं मरळ खाऊन भरून काढतात. मी गावचा, म्हणून तटस्थ. शिवाय रेकॉर्डींतलं मला काही कळत नाही, म्हणून दोघांच्याही विश्वासातला.

एरवी ही शांत माणसं. त्यांच्यापुढं एखादी सूची ठेवावी आणि मग बघावं.

सूची म्हणजे कुणीतरी आयुष्याची पंधरा-वीस वर्षं घालून, कुठली रेकॉर्ड कधी निघाली, कुणी गायली, नंबर काय, हे एकत्र करून छापलेला जाडजूड ग्रंथ. जमवणाऱ्याला खरं तर यापेक्षा मोठं वरदान नाही. त्यानं सूचीकाराचा फोटो देवघरात लावायला हवा. प्रत्यक्षात तो पुस्तक शेवटाकडून उघडतो, नामसूचीवर बोट फिरवतो, आपल्याकडच्या सगळ्यात दुर्मिळ रेकॉर्डीचं नाव शोधतो आणि ते नाही म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर असं तेज येतं की बघत राहावं. "नाही! बघा, नाही!" हे वाक्य एकाच दमात तक्रारीच्या आणि बारशाच्या सुरात म्हणता येतं, हे मी या टेबलावर ऐकलंय.

हा आजार फक्त आपल्याकडचा नाही. १९६४ च्या फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकन टीव्हीवर दिसले, आणि तिथल्या गावोगावच्या बापांना मोटार अंगणात लावायची वेळ आली, कारण गॅरेजमध्ये पोरं गिटार घेऊन शिरली होती. दोन-तीन सुरांचं भांडवल, एक चिडलेला गळा, उधारीचा ॲम्प्लिफायर. पोरं वर्गणी काढून जवळच्या स्टुडिओत एखादं गाणं रेकॉर्ड करायची, चार-पाचशे प्रती काढायची, शाळेतल्या नाचाच्या कार्यक्रमात विकायची, आणि उरलेल्या पलंगाखाली सारायची. मग कुणी कॉलेजला गेलं, कुणाला व्हिएतनामला धाडलं, बँड संपला. पलंगाखालचा गठ्ठा राहिला. पुढं या गाण्यांना गॅरेज रॉक म्हणायला लागले. त्यातल्या पुष्कळांचे शब्द त्या पोरांच्या आयांनाही कळले नसतील. किंग्समेन नावाच्या बँडचं १९६३ मधलं एक गाणं तर इतकं अस्पष्ट होतं की त्यात काही अश्लील आहे का याचा तपास एफबीआयनं दोन वर्षांहून अधिक काळ केला आणि अखेर, काय म्हणतायत तेच कळत नाही, अशा निष्कर्षावर फाईल बंद केली. आमच्याकडं वरातीत कर्ण्यातून काय बाहेर पडायचं तेही कुणाला कळत नसे, पण त्यापायी सरकारनं एक पै खर्च केली नाही.

तर या पलंगाखालच्या गठ्ठ्यांची सूची माइक मार्केसिच या गृहस्थानं कित्येक वर्षं खपून केली. ‘टीन बीट मेहेम’ हा तो ग्रंथ २०१२ मध्ये आला. तेवढ्यावर थांबला असता तर निभावलं असतं. त्यानं प्रत्येक गाण्याला दहापैकी गुण दिले. इथं घात झाला. पोराला गणितात तीन मिळाले की बाप पोरावर ओरडतो, पण रेकॉर्डीला तीन मिळाले की जमवणारा परीक्षकावर ओरडतो. पगारातून चोरून पैसे काढून घेतलेली रेकॉर्ड, तिला तीन! आणि दहा मिळाले तरी सुख नाही. दहा म्हणजे उद्यापासून सगळे हिच्या मागे, भाव आकाशाला, आणि आपल्याकडच्या प्रतीला जो चरा आहे तो आता बिनचऱ्याची घेऊन कधीच भरून निघणार नाही.

आपल्या मुंबईतही ही गॅरेजची साथ पोचली होती. ‘सिमला’ नावाच्या सिगारेटीच्या जाहिरातीसाठी देशभरातल्या बँडची ‘सिमला बीट’ स्पर्धा भरायची, आणि तिच्या १९७० आणि १९७१ अशा दोन एलपी निघाल्या. ती एलपी घरी आणणाऱ्या पोराच्या बापाला सिगारेटीचा राग जास्त आला की गिटारीचा, याची नोंद कुठल्या सूचीत सापडत नाही. त्याहून गमतीची गोष्ट बीटल्सच्या लाखेच्या रेकॉर्डींची. युरोप-अमेरिकेत ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड तोवर मोडीत निघाली होती, पण आपल्याकडं गावोगाव चावीचे ग्रामोफोन चालू होते, आणि वीज यायची होती. म्हणून १९६३ ते ६५ च्या सुमारास बीटल्सची गाणी ग्रामोफोन कंपनीनं इथं चक्क लाखेवर काढली. त्या प्रतींसाठी आज परदेशातले संग्राहक जीव टाकतात. पुणेकर प्रत्येक जुन्या लाऊडस्पीकरवाल्याला त्यांच्याबद्दल विचारतात, आणि प्रत्येक जण त्यांना भजनाची प्लेट दाखवतो.

आमच्या या दोघांचा मूळ प्रांत मात्र जुन्या लाखेचा. त्या प्रांताची गीता म्हणजे मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाचा ग्रंथ. ग्रामोफोन कंपनीनं १८९९ ते १९०८ या काळात केलेल्या पहिल्या हिंदुस्थानी ध्वनिमुद्रणांची ती यादी आहे, आणि ती मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनानं १९९४ मध्ये छापली. कंपनीचा ध्वनिमुद्रक गाइसबर्ग साहेब १९०२ मध्ये कलकत्त्याला आला, गायिका गौहरजानचं गाणं मेणावर उतरवलं, मेण जहाजानं जर्मनीत हानोव्हरला गेलं, तिथं प्लेटा दाबल्या गेल्या आणि परत इकडे विकायला आल्या. प्लेटेला लागणारी लाख बहुतेक आपल्याचकडची. गाणं संपताना गायिका स्वतःचं नाव सांगते ते तिकडच्या जर्मन कामगाराला लेबल चुकू नये म्हणून, असं जाणकार सांगतात. किनिअरनं हा सगळा पसारा कंपनीच्या कागदांतून नंबरवार मांडला. मी तो ग्रंथ चाळलाय. कादंबरी म्हणून तो फसलेला आहे, पण या दोघांना त्यातली काही पानं पाठ आहेत.

आणि तरीही त्यावर या टेबलावर ऐकू आलेले अभिप्राय असे. सोलापूरकर म्हणाले, चांगलं आहे, पण १९०८ लाच का थांबला? त्यानं पुढचा खंड २००० मध्ये काढला तेव्हा म्हणाले, १९१० लाच का थांबला? पुणेकरांचा आक्षेप तात्त्विक होता. त्यांच्या मते कंपनीच्या दप्तरात जे आहे ते सगळं पुस्तकात आहे, पण कंपनीच्या दप्तरात जे नाही ते पुस्तकात नाही. मी म्हटलं, ते कसं असेल? त्यावर त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं पक्षीवाले आमच्याकडं बगळ्याला बगळा म्हटल्यावर बघतात.

खरी खोच पुढं आहे. कुठलाही सूचीकार ग्रंथ छापण्याआधी सगळ्या ज्ञात संग्राहकांना पत्रं लिहितो. कृपया आपल्याकडील दुर्मिळ रेकॉर्डींचे तपशील कळवावेत, ऋणनिर्देशात नाव छापू. पुणेकरांना असं एक पत्र आलं होतं. ते त्यांनी फाइलला लावलं. उत्तर दिलं नाही. कळवलं म्हणजे आपल्याकडं आहे हे जगाला कळलं, जगाला कळलं म्हणजे सोलापूरकरांना कळलं. पुस्तक आलं. त्यात ती रेकॉर्ड अर्थातच नव्हती. तेव्हापासून पुणेकर प्रत्येक भेटीत सांगतात, "बेजबाबदार काम. साधी चौकशीही केली नाही लोकांनी."

मुंबईत १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ उभी राहिली. प्रा. सुरेश चांदवणकरांनी तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून या मंडळींना बोलतं करायचा पुष्कळ प्रयत्न केला, लेबलांचे इतिहास लिहिले. वडाळ्यात १९३५ मध्ये सुरू झालेल्या ‘यंग इंडिया’ या स्वदेशी लेबलाची हकिकत मला त्यामुळेच कळली. नामवंत गवई आधीच कुत्रा-छाप ग्रामोफोन कंपनीनं बांधून ठेवलेले, म्हणून यंग इंडियानं नवख्यांना, हौशींना, कुणाला माहीत नसलेल्यांना माइकपुढं उभं केलं. अमेरिकेतली पोरं गॅरेजमध्ये जे करणार होती ते आपल्याकडची मंडळी तीस वर्षं आधी, टोपी घालून आणि पेटीच्या साथीवर करत होती, असं मी एकदा म्हटलं. दोघांनी एकाच वेळी मान डोलावली. तसा प्रसंग पुन्हा आलेला नाही.

हिंदी सिनेमावाल्यांचा वेद वेगळा. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांचा ‘हिंदी फ़िल्म गीत कोश’. एकेका दशकाला एकेक खंड, पण तिसरा खंड आधी निघाला आणि पहिला मागून आला. चित्रपट, त्यातली सगळी गाणी, गायक, संगीतकार, रेकॉर्ड नंबर. जिथं माहिती मिळाली नाही तिथं जागा तशीच सोडलेली. एवढा प्रामाणिक ग्रंथ, आणि संग्राहक त्यात काय वाचतात? सोडलेल्या जागा. सोलापूरकरांच्या प्रतीत त्या जागा पेन्सिलीनं भरलेल्या आहेत. मी विचारलं, हे कानपूरला कळवलंत का? ते म्हणाले, "पेन्सिलीनं आहे ना, अजून नक्की नाही." पेन्सिलीचा तो मजकूर आता पुसट होत आलाय.

मोजदाद झाली की माणसं कशी दुखावतात याचं मोठं उदाहरण तर घरोघरी माहीत आहे. गिनेस बुकानं १९७४ मध्ये लता मंगेशकरांच्या नावावर पंचवीस हजार गाणी लावली. महंमद रफींनी हरकतीचं पत्र धाडलं. मग विश्वास नेरूरकरांसारखे लोक खरोखरच मोजायला बसले, आणि ‘गंधार स्वरयात्रे’त १९४५ ते १९८९ मधली हिंदी चित्रपटगीतं भरली पाच हजारांच्या आसपास. पुढं गिनेसनंही १९९१ मध्ये ती नोंद काढून टाकली. सोलापूरकर हा आकडा मानत नाहीत. ते म्हणतात, "उरलेली वीस हजार अजून सापडली नाहीत, असं म्हणा."

सूची निघाल्याचा सगळ्यात मोठा फायदा जुन्या बाजारातल्या विक्रेत्यांना झाला. पूर्वी पुण्यात रविवारी किंवा बुधवारी मंगळवार पेठेत जावं, किलोच्या भावानं विकायला आलेल्या प्लेटा निरिच्छ चेहऱ्यानं उलथ्यापालथ्या कराव्यात, हवी ती मधे घालून चार बिनकामाच्या वर-खाली ठेवाव्यात आणि गठ्ठ्याचा भाव करावा, अशी रीत होती. आता विक्रेताच विचारतो, "साहेब, मधली वेगळी काढू का?" त्याच्या पोत्याखाली सूचीचीच झेरॉक्स असते. पुणेकरांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज कापरा झाला होता. ज्ञानाचा प्रसार व्हावा असं त्यांना जन्मभर वाटत आलंय, पण तो मंगळवार पेठेपर्यंत जाईल असं वाटलं नव्हतं.

शेजारच्या टेबलावर पक्षीवाले असले की फरक फार ठळक दिसतो. त्यांच्याकडंही ग्रंथ असतो, याद्या असतात, पट्टकदंब हंसांच्या थव्यात एखादा वेगळा दिसला का यावरून वाद असतात. पण पुस्तकात भिगवणसाठी न दिलेला एखादा पक्षी दिसला की हे लोक ओरडून सगळ्यांना बोलावतात, मोबाइलवर फोटो फिरवतात, दुसऱ्या दिवशी पंधरा गाड्या येतात आणि आमच्या कुंभारगावच्या नावाड्यांचे पैसे होतात. रेकॉर्डवाल्याला पुस्तकात नसलेली प्लेट दिसली तर तो जांभई देतो. सगळ्यांना पाहून झालं तरी पक्षी पाण्यावरच राहतो, हे त्याचं कारण असावं.

या लोकांच्या दंतकथा तर विचारू नका. अल्लादियाखाँसाहेबांनी कधी रेकॉर्ड दिली नाही, हे सर्वमान्य आहे. सर्वमान्य म्हणजे संग्राहक सोडून. प्रत्येकाला असा एक माणूस भेटलेला असतो, ज्याच्या चुलत्यानं ती रेकॉर्ड ऐकली होती. हा चुलता हमखास मोठ्या वाड्यात राहत असतो आणि तो वाडा हमखास उजनीच्या पाण्याखाली गेलेला असतो. धरण १९८० च्या सुमारास पुरं झालं. भीमाकाठची गावं उठली, माणसं वर आली, जमिनी आणि देवळं खाली राहिली. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पाणी उतरलं की वर येतं आणि लोक ते बघायला जातात. आमचे दोघेही जातात. बाकीचे कळसाचे फोटो काढत असतात तेव्हा हे दोघं गुरवाला विचारत असतात, इथं मोठा वाडा कुणाचा होता?

याच चौकशीतून तात्यांचा पत्ता लागला. तात्या पुनर्वसनात वर आलेल्या गावचे. त्यांनी लग्नाच्या सुपाऱ्या घेऊन वीसेक वर्षं कर्णा वाजवला आणि पुढं कॅसेट आल्यावर धंदा बंद केला. मुलगा भिगवणच्या मासळी बाजारात आडतीवर असतो. ट्रंक आहे, असं मुलानंच सांगितलं.

आम्ही गेलो. पुणेकरांच्या पिशवीत जुन्या लेबलांच्या याद्यांच्या झेरॉक्सचा गठ्ठा आणि गीत कोशाचा चौथा खंड, म्हणजे १९६१ ते ७०. सोलापूरकरांच्या खिशात बॅटरी आणि भिंग. तात्यांनी ट्रंक ओसरीवर ओढली. वरती सगळी सिनेमाची गाणी, काहींवर पिनांनी चर पाडलेले. दोघंही भराभर बाजूला करत होते. आणि अगदी तळाला एक लाखेची निघाली. यंग इंडियाची. लेबल निम्मं निघून गेलेलं, गायिकेच्या नावाची फक्त शेवटची दोन अक्षरं शिल्लक. बॅटरीच्या उजेडात दोघांनी तळाचा नंबर वाचला. झेरॉक्सची पानं उलटली. पुन्हा उलटली. मग पुणेकरांनी जांभई दिली.

"काही विशेष नाही, तात्या. पुस्तकातसुद्धा नाही ही."

"हो ना," सोलापूरकर म्हणाले, "असू दे. आठवण म्हणून नेतो मी."

"मी नेतो," पुणेकर म्हणाले.

तात्यांचा मुलगा दाराला टेकून उभा होता. रोज पहाटे मरळीवर बोली लावणाऱ्या व्यापाऱ्यांची तोंडं वाचणारा माणूस. तो म्हणाला, "दोघास्नी बी नको असलेला माल दोघं बी मागत्यात म्हंजी बोली लावाया पाह्यजे." आणि त्यानं लावली. पाचशेपासून. लिलावात ओरडायची सवय नसलेले दोन निवृत्त गृहस्थ त्या ओसरीवर तोंड दुसरीकडं करून बोट वर करत होते. आकडा चार हजारांवर गेला तेव्हा तात्यांनी हात वर केला.

"पैसं नगं. त्ये बुक द्या."

"कुठलं?"

"त्ये जाडं. सिनेमाच्या गान्याचं." एवढा वेळ ते पुणेकरांच्या पिशवीतून काढून ठेवलेला चौथा खंड मांडीवर घेऊन बसले होते. हिंदी त्यांना वाचता येत होतं. बोट लावून ते एकेक पिक्चर वाचत होते आणि मुलाला सांगत होते, "ही लावल्याबिगर नवरदेव घोड्यावरनं उतरत नसायचा. ही लावली का वऱ्हाड रडायचं. ही शेटफळात लावली आन् भांडान झालं."

पुणेकरांच्या आयुष्यातला अवघड क्षण. या खंडात त्यांच्या वीस वर्षांच्या दुरुस्त्या होत्या, आणि त्या शाईनं होत्या. त्यांनी सोलापूरकरांकडं पाहिलं. सोलापूरकरांचा चौथा खंड गाडीतच होता, आणि ते दरवाज्याकडं सरकू लागले होते. पुणेकरांनी खंड तात्यांच्या पायाशी ठेवला आणि प्लेट उचलली.

पुढच्या भेटीत सोलापूरकर मरळ न खाता वरण-भात जेवले. पुणेकर मात्र खुशीत होते. सूचीत नाही, कुणाला माहीत नाही, गायिका कोण तेही कळत नाही, असं काहीतरी आता त्यांच्याकडं होतं. प्लेट कशी वाजते असं मी विचारलं. त्यांनी वाजवून पाहिली नव्हती. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. तात्या. फोनवर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची त्यांची जुनी सवय.

"सायेब, बुकात चुका लई हायेत. एका पानावर दोन गानी सोडल्याती. मी बालपेनानं लिवलीत. आन् तुमी शाईनं लिवल्यालं बी दोन ठिकानी चुकलंय, त्ये खोडलं."

पुणेकर घाईनं म्हणाले, "तात्या, तुम्हाला कसं कळलं?"

"प्लेटावर बगितलं न्हवं. दुसऱ्या ट्रंकंत हायेत त्या."

टेबलावरचे दोन्ही चेहरे एकदम वर आले. सोलापूरकरांनी गाडीची किल्ली हातात घेतली होती.

"दुसरी ट्रंक आहे?"

"हाय की. पर ती आता इकायची न्हाय," तात्या म्हणाले. "आता मी बी जमवतुया."